गाडी बंद पडल्यावर येणार कोण? रोडसाइड असिस्टन्स घेण्याआधी

गाडीचा विमा संपत आला की एजंटचा फोन येतो. थर्ड पार्टी, ओन डॅमेज, झिरो डेप अशी उजळणी झाली की जाता जाता तो विचारतो, "आरएसए टाकू का साहेब? दोन-तीनशेच वाढतील." बहुतेक जण "टाका" म्हणतात, काही "राहू द्या" म्हणतात, आणि दोघांनाही आपण काय घेतलं किंवा काय सोडलं याचा पत्ता नसतो. तो लागतो मे महिन्यात भर दुपारी, सोलापूरहून पुण्याला जाताना इंदापूरच्या अलीकडे टायर फुटल्यावर.

आरएसए, म्हणजे रोडसाइड असिस्टन्स, हा रस्त्यात गाडी अडली तर मदत पाठवण्याचा करार. बॅटरी उतरली तर जंप स्टार्ट, टायर बसला तर स्टेपनी बदलून देणं, किल्ली आत राहिली तर दार उघडून देणं, टाकी कोरडी झाली तर चार-पाच लिटर तेल आणून देणं (तेलाचे पैसे बहुधा आपलेच), आणि यातलं काही जमलं नाही तर गाडी उचलून गॅरेजला नेणं. जवळपास सगळ्या योजनांची यादी हीच असते, त्यामुळे यादी वाचून निवड होत नाही. फरक असतो यादीखालच्या बारीक अक्षरांत, आणि त्याहून जास्त तुम्ही कुठल्या रस्त्याने जाता त्यात.

"माझा फुल इन्शुरन्स आहे, मग हे वेगळं कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. पण आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो, त्या पॅकेज पॉलिसीत यांत्रिक किंवा विजेचा बिघाड स्पष्टपणे वगळलेला असतो. क्लच प्लेट गेली, फॅन बेल्ट तुटला, सेन्सरने दगा दिला, तर विमा कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. नुसता टायर फुटला तरीही नाही. टायरसोबत गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरची निम्मी किंमत मिळते. अपघातानंतर गाडी गॅरेजपर्यंत न्यायचा खर्च पॉलिसीत धरलेला असतो, पण त्याची मूळ मर्यादा खाजगी मोटारीला १,५०० रुपये आणि दुचाकीला ३०० रुपये. नळदुर्गहून सोलापूरला क्रेनने गाडी आणायची म्हटली तर १,५०० रुपयांत कोण येणार?

म्हणजे अपघात हे विम्याचं काम, बिघाड हे आरएसएचं. हा भेद नो क्लेम बोनसच्या, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीच्या बाबतीतही उपयोगी पडतो. अपघाताचा क्लेम घेतला की २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत गेलेला बोनस जातो. बॅटरी उतरली म्हणून आरएसएचा माणूस बोलावला तर बोनसला धक्का लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे पैसे भरूनही फोन न करणारी माणसं मी पाहिली आहेत. "उगाच क्लेम कशाला" म्हणत भर उन्हात स्टेपनीचे नट सोडवत बसतात.

क्रेन कोणाची असते

पॉलिसीवर नाव विमा कंपनीचं किंवा गाडीच्या कंपनीचं असलं, तरी क्रेन त्यांची नसते. आपण फोन करतो तो कॉल सेंटरला लागतो. ते बहुधा असिस्टन्सचाच धंदा करणाऱ्या तिसऱ्या कंपनीचं असतं, आणि ती कंपनी आपल्या यादीतल्या स्थानिक क्रेनवाल्याला किंवा गॅरेजला काम देते. त्यामुळे तिघांनी तीन वेगळ्या कंपन्यांकडून आरएसए घेतलं, तरी मोहोळच्या पुढे तिघांसाठी येणारा माणूस एकच निघू शकतो.

सोलापुरात जुन्या पुणे नाक्याच्या बाजूला एक क्रेनवाले आहेत. त्यांच्याशेजारी चहा घेत बसलं की हा सगळा व्यवहार डोळ्यांसमोर घडतो. मोबाइलवर मेसेज पडतो: केस नंबर, गाडीचा नंबर, मॉडेल, नकाशावरची पिन, गाडी कुठे सोडायची ते ठिकाण. ते पिनकडे बघतही नाहीत, थेट गाडीवाल्याला फोन लावतात. "साहेब, पुण्याकडं जाताना थांबलाय का सोलापूरकडं येताना?" महामार्गाला मध्ये दुभाजक आहे. चुकीच्या बाजूने गेलं की पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं, त्यात पाऊण तास जातो. मग दुसरा प्रश्न, "चाकं फिरत्यात का? गाडी ऑटोमॅटिक हाय का?" आणि शेवटी, "सोडायची कुठं?" सोडायचं ठिकाण लांबचं निघालं तर ते फोन ठेवून कॉल सेंटरला विचारतात, जादा किलोमीटर कोण देणार ते. उत्तर येईपर्यंत क्रेन जागची हलत नाही. आपण मात्र रस्त्यात उभं राहून "अजून निघाला कसा नाही" म्हणून तडतडत असतो.

त्यांचा मधला प्रश्न हौसेचा नसतो. साध्या मॅन्युअल गाडीची पुढची चाकं उचलून मागच्या चाकांवर ओढत नेता येते. काही ऑटोमॅटिक, चारही चाकांना ताकद जाणाऱ्या आणि इलेक्ट्रिक गाड्या अशा ओढल्या तर गिअरबॉक्सला किंवा मोटारीला इजा होऊ शकते. त्यांना सपाट पाट्याची गाडी, म्हणजे फ्लॅटबेड लागते. दोर बांधून टोचन करणं तर त्यांच्या बाबतीत विसरूनच जायचं. तुमची गाडी यातली असेल तर योजना घेताना पहिला प्रश्न हाच, की फ्लॅटबेड मिळणार ना, आणि त्याचे वेगळे पैसे पडणार का? "टोइंग फ्री" एवढंच लिहिलेलं असेल तर तेवढ्यावर विसंबू नये.

किलोमीटरची गोम

सगळ्यात मोठी मेख टोइंगच्या अंतरात असते. काही योजना २५ किलोमीटरपर्यंत फुकट नेतात, काही ५०, काही १००, तर काही "जवळच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंत" असं म्हणतात. मुंबई-पुण्यात २५ किलोमीटर पुष्कळ झाले, कारण तेवढ्यात चार शोरूम येतात. आपल्या सोलापूरकडे तसं नाही. शहर सोडलं की शेतं, ढाबे, साखर कारखाने आणि पंक्चरवाले. अधिकृत वर्कशॉप म्हणजे परत सोलापूर, नाहीतर थेट पुढचं मोठं शहर.

हैदराबाद रस्ता धरा. उमरगा सोलापूरपासून सुमारे ९५ किलोमीटर. तिथे गाडी बंद पडली, तुमची योजना ५० किलोमीटरची आहे, आणि गाडी सोलापूरच्या वर्कशॉपला आणायची आहे. पुढचा दर समजा किलोमीटरला २५ रुपये. वरचे ४५ किलोमीटर तुमच्या खिशातून, म्हणजे १,१२५ रुपये. हे परवडलं. पण काही योजनांत अंतर मोजतात ते क्रेन आपल्या अड्ड्यावरून निघून परत अड्ड्यावर येईपर्यंतचं. क्रेन सोलापुरातून निघाली तर जाऊन-येऊन १९० किलोमीटर झाले. त्यातले ५० वजा, उरले १४०, आणि बिल ३,५०० रुपये. योजना तीच, आकडाही ५० चाच, फक्त मोजायची पद्धत बदलली. म्हणून एजंटला विचारायचं ते "किती किलोमीटर फ्री?" एवढंच नाही. कुठून कुठपर्यंत मोजता, हेही विचारायचं, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्यायचं.

"जवळच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंत" हे ऐकायला छान वाटतं, पण जवळचं कुठलं हे कॉल सेंटर ठरवतं. घरचे सगळे सोलापुरात आणि गाडी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या गॅरेजला, असं होऊ शकतं. मग दुरुस्ती झाल्यावर आणायला जा, बिलावर वाद घालायला जा. आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडी न्यायची मुभा आहे का, हे आधी विचारून ठेवावं. गाडी आठ-दहा वर्षांची असेल आणि कंपनीच्या वर्कशॉपला जायचं तुम्ही केव्हाच सोडलं असेल, तर ही मुभा किलोमीटरपेक्षाही महत्त्वाची ठरते.

रात्रीचंही बघावं. क्रेन आली, गाडी उचलली, सोलापुरात पोचायला रात्रीचे अकरा झाले आणि वर्कशॉपला कुलूप. मग गाडी घरासमोर सोडायची आणि सकाळी पुन्हा उचलायची. हे दुसरं उचलणं बऱ्याच योजनांत वेगळी सेवा म्हणून धरतात. वर्षाला ठरावीकच, बहुतेकदा चार, सेवा मिळत असतील तर एका बिघाडात दोन संपल्या.

आपले रस्ते

सोलापूरहून निघणारे रस्ते एकसारखे नाहीत. पुणे ते हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, तुळजापूरकडून येऊन विजयपूरकडे जाणारा ५२ क्रमांकाचा, आणि सांगोला-मिरजेकडून रत्नागिरीला जाणारा १६६ क्रमांकाचा. राष्ट्रीय महामार्गावर अडलात तर आरएसए असो वा नसो, १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा नंबर चोवीस तास चालतो. टोल घेणाऱ्या रस्त्यावर गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवणं ठेकेदाराच्या करारातच असतं. टोल भरताना आपण कुरकुरतो, पण त्यातली ही सेवा मागत मात्र नाही. फक्त ती क्रेन कुठवर नेणार हे लक्षात घ्यावं. गाडी धोक्याच्या जागेवरून काढून टोलनाक्याजवळ किंवा सुरक्षित ठिकाणी लावायची, एवढंच तिचं काम. तिथून गॅरेजपर्यंत नेणं तुमच्याकडे. म्हणून मी आधी १०३३ लावतो आणि मग आरएसएला. रस्त्याच्या कडेला उभं राहण्यापेक्षा नाक्यावरच्या उजेडात थांबलेलं केव्हाही बरं.

अक्कलकोटहून पुढे गाणगापूरकडे आतल्या रस्त्याने गेलात, किंवा बार्शी-वैराग भागातल्या गावरस्त्यावर असाल, तर १०३३ चा उपयोग नाही. तिथे आरएसएचं जाळं किती पोचतं हाच प्रश्न. काही योजना महापालिका हद्दीपासून ठरावीक अंतरापर्यंतच मदत देतात, काही "रस्ता क्रेन जाण्याजोगा असेल तर" अशी अट घालतात. आषाढीच्या सुमारास पंढरपूरच्या चहूबाजूंचे रस्ते वारीसाठी वळवलेले असतात. तेव्हा कुठल्याही कंपनीची क्रेन वेळेत पोचणार नाही, आणि त्यात कंपनीचा दोषही नाही.

हैदराबादला जाताना तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरांत महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा अशी तीन राज्यं लागतात. योजनेत "संपूर्ण भारत" असं लिहिलंय ना, तेवढं बघावं. काही स्वस्त योजना एका राज्यापुरत्या किंवा निवडक शहरांपुरत्या असतात. भाषेचं म्हणाल तर सोलापूरकराला त्याची काळजी नाही. घरात मराठी, शेजारी कानडी, पलीकडच्या गल्लीत तेलुगू. हुमनाबादला मिस्त्री शोधायला आपल्याला दुभाषी लागत नाही. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना लागतो.

ऊसतोडीच्या दिवसांत रात्रीच्या प्रवासाला एक जादा सावधगिरी हवी. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा उसाच्या ट्रॉल्या अंधारात अचानक पुढ्यात येतात. तशीच आपली बंद पडलेली गाडी मागून येणाऱ्याला दिसत नाही. चारही इंडिकेटर चालू करायचे, डिकीतला लाल त्रिकोण काढून गाडीच्या मागे निदान पन्नास मीटर अंतरावर ठेवायचा, महामार्गावर त्याहूनही लांब, आणि सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून कडेच्या पट्टीपलीकडे जाऊन थांबायचं. गाडीत बसून वाट बघायची नाही, मुलांना तर मुळीच बसवायचं नाही. क्रेन येईपर्यंतचा तास-दीड तास हाच खरा धोक्याचा.

आधीच काय काय आहे ते बघा

नवी गाडी घेतली की कंपनीकडून पहिली काही वर्षं आरएसए सोबत येतं. वॉरंटीच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं, पुस्तिका ग्लव्ह बॉक्समध्ये असते, आणि ती कोणी उघडलेली नसते. ती मुदत चालू असताना विम्यात पुन्हा आरएसए टाकलं तर एकाच कामाचे दोनदा पैसे गेले. दोन्हीकडून मिळून दोन क्रेन येत नाहीत.

मुदत संपली की पर्याय तीन. गाडीच्या कंपनीकडून मुदतवाढ, विम्यातलं ॲड-ऑन (पॉलिसीला जोडून घ्यायचं जादा कव्हर), किंवा असिस्टन्स कंपनीची स्वतंत्र वार्षिक योजना. खर्च साधारण काहीशे रुपयांपासून दोन-अडीच हजारांपर्यंत. विम्यातलं सगळ्यात स्वस्त पडतं आणि पॉलिसीबरोबरच नवं करता येतं, पण मर्यादाही त्यातच जास्त दिसतात. कंपनीच्या मुदतवाढीत तुमच्या मॉडेलचे भाग आणि कारागीर मिळण्याची शक्यता चांगली, पण गाडी त्यांच्याच वर्कशॉपला जाणार. स्वतंत्र योजना जुन्या गाडीलाही मिळू शकते, आणि टोइंगचं अंतर जास्त असलेली निवडता येते. तिथे दोन अटी बघाव्यात. गाडीच्या वयाची मर्यादा, आणि घेतल्यापासून किती दिवसांनी चालू होते ती मुदत. रस्त्यात अडल्यावर मोबाइलवरून योजना विकत घेऊन लगेच क्रेन मागवता येत नाही, ही वाट कंपन्यांनी केव्हाच बुजवली आहे.

माझं मत विचाराल तर असं. गाडी शहरात आणि फार तर तुळजापूर-अक्कलकोटपर्यंत फिरत असेल, तर विम्यातलं साधं आरएसए आणि मिस्त्रीचा नंबर एवढं पुरतं. महिन्याला पुणे किंवा हैदराबाद होत असेल तर १०० किलोमीटर किंवा जास्त टोइंग देणारी, अंतर एकाच बाजूचं मोजणारी योजना घ्यावी, मग ती हजारभर महाग पडली तरी चालेल. दुचाकीला शहरापुरतं काहीच नको. दर चौकात पंक्चरवाला आहे.

इथे स्टेपनीचा एक नवा घोळ आहे. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट दिलं असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा २०२० पासून कंपन्यांना आहे. बऱ्याच इलेक्ट्रिक आणि काही सीएनजी गाड्यांत स्टेपनीच नसते. मग "टायर बदलून देऊ" या कलमाचा अर्थ काय राहतो? पंक्चर किटने भागलं तर ठीक, टायर कडेने फाटला तर क्रेनच. डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा, असेल तर तिच्यात हवा आहे का तेही बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जातो. टायर आणि बॅटरी दोन्ही तेव्हाच दम तोडतात, आणि घरासमोर उभ्या गाडीची बॅटरी उतरली तर माणूस पाठवणार का, हे काही योजनांत वेगळं विचारावं लागतं.

इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग संपलं तर बहुतेक ठिकाणी गाडी जवळच्या चार्जिंग स्टेशनला नेऊन सोडतात, घरी नाही. पावसाच्या पाण्यात गाडी बंद पडली तर आरएसए ती बाहेर काढून नेईल, पण इंजिनात पाणी गेल्याचं नुकसान इंजिन प्रोटेक्ट नावाच्या वेगळ्या ॲड-ऑनशिवाय मिळत नाही. तेव्हा पाण्यातून बाहेर आल्यावर "एकदा सेल्फ मारून बघू" हा मोह आवरावा. इंजिनाचा खरा सत्यानाश तेव्हा होतो.

मदतीचा नंबर पॉलिसीच्या कागदावरून उतरवून आजच फोनमध्ये घालून ठेवा. वेळ आल्यावर गूगलवर कस्टमर केअर शोधू नये. तिथे खोटे नंबर टाकून बसलेले भामटे आहेत, ते "दहा रुपये नोंदणी" म्हणत लिंक पाठवतात आणि खातं साफ करतात. गाडी क्रेनवर चढण्याआधी चारही बाजूंनी फोटो, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो, आणि आतल्या मौल्यवान वस्तू बाहेर. अपघात झाला असेल तर गाडी हलवण्याआधी फोटो काढून विमा कंपनीला कळवायचं, आणि कॅशलेस गॅरेज कुठलं ते विचारूनच क्रेनला पत्ता द्यायचा. कोणी आलंच नाही आणि स्वतः क्रेन करावी लागली, तर कॉल सेंटरकडून आधी होकार घेऊन पक्कं बिल ठेवा. होकार नसेल तर पैसे परत मिळवताना घाम फुटतो. सेवा नाकारली तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

परदेशात गेल्यावर

आता घरोघरचं कोणी ना कोणी बाहेर आहे. मुलगा जर्मनीत, पुतणी अमेरिकेत, आणि आपण महिनाभर गेलो की तिथे भाड्याची गाडी घेऊन फिरायचा बेत. त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढावं. एक वर्ष चालतं, शुल्क १,००० रुपये. इथलं आरएसए मात्र सीमेपलीकडे चालत नाही, आणि आपण काढतो तो प्रवास विमा मुख्यतः दवाखाना, सामान आणि रद्द झालेल्या तिकिटांसाठी असतो. भाड्याच्या गाडीच्या बिघाडाचा भरवसा त्यावर ठेवू नये.

भाड्याच्या गाडीसोबत जुजबी मदत बहुतेकदा येते, पण ती गाडीच्या दोषापुरती. चालवणाऱ्याची चूक असेल, म्हणजे किल्ली हरवली, दिवे चालू राहून बॅटरी उतरली, तेल संपलं, चुकीचं तेल भरलं, तर बिल आपल्याला. काउंटरवर जो जादा पैशाचा रोडसाइड कव्हर गळ्यात मारतात तो याच चुकांसाठी असतो. नव्या देशात, नव्या गाडीत या चुका होतात. ब्रिटनमध्ये पंपावरचं हिरवं नळकांडं पेट्रोलचं आणि काळं डिझेलचं. अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवं नळकांडं डिझेलचं असतं. पहिल्यांदाच चालवणार असाल तर हा जादा कव्हर मी घेईन. टायर, काच आणि गाडीचा तळ त्यात आहे का, हे विचारून. एका देशातून दुसऱ्या देशात गाडी नेणार असाल तर भाडे कंपनीची लेखी परवानगी घ्या. ती नसेल तर मदतीचं कलमच गळून पडू शकतं.

तिथे कायमचे राहणारे वेगळ्या पद्धतीने हे घेतात. आपल्याकडे आरएसए बहुतांशी गाडीला चिकटलेलं असतं. तिकडे मोटार क्लबचं सभासदत्व घ्यायची जुनी रीत आहे आणि ते माणसाला चिकटलेलं असू शकतं, म्हणजे सभासद मित्राच्या गाडीत असला तरी चालतं. ब्रिटनमध्ये एए १९०५ पासून आहे, जर्मनीत एडॅक १९०३ पासून आणि त्याचे सभासद दोन कोटींच्या वर, अमेरिकेत ट्रिपल ए १९०२ पासून. पातळ्या मात्र तिथेही आहेत. ट्रिपल एच्या मूळ पातळीवर टोइंग मोजकेच मैल, वरच्या दोन पातळ्यांवर साधारण १०० आणि २०० मैल. ब्रिटनमधल्या साध्या योजनांत घरापासून पाव मैलाच्या आत गाडी बंद पडली तर मदत मिळत नाही, त्यासाठी घरच्या मदतीचा भाग वेगळा घ्यावा लागतो. मुलाला फोनवर विचारा, तुझं सभासदत्व कुठल्या पातळीचं आहे. बहुतेकांनी सगळ्यात स्वस्त घेतलेलं असतं.

फ्रान्सचा एक नियम ठाऊक असावा. तिथल्या टोलच्या महामार्गावर गाडी अडली तर आपला क्लब किंवा विमा कंपनी हवी ती क्रेन पाठवू शकत नाही. कडेच्या नारिंगी फोनवरून कळवायचं, ठरवून दिलेलाच क्रेनवाला येतो, आणि त्याचे दर सरकारने बांधून दिलेले असतात. पैसे आधी आपण भरायचे, मग पावती दाखवून आपल्या योजनेतून परत मागायचे. गाडीतून उतरताना घालायचं चमकणारं जॅकेट डिकीत ठेवून चालत नाही, बसल्या जागेवरून हाताला लागलं पाहिजे. युरोपभर आणीबाणीचा नंबर ११२, म्हणजे आपल्यासारखाच. ब्रिटन-आयर्लंडसारखे अपवाद सोडले तर युरोप-अमेरिकेत रस्त्याची उजवी बाजू धरून चालवतात, तेव्हा उतरायचं ते उजव्या दाराने. सवयीने डावं दार उघडलं तर ते धावत्या गाड्यांकडे उघडतं.

आपलीच गाडी घेऊन सीमा ओलांडायची असेल तर गोष्ट निराळी. पॅकेज पॉलिसी मुळात भारतापुरती असते. थोडा जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तानपर्यंत वाढवून घेता येते. ही वाढ अपघाताच्या विम्याची झाली. आरएसए तिच्याबरोबर आपोआप वाढत नाही, ते पॉलिसीत वेगळं लिहिलेलं असेल तरच. पशुपतिनाथाला गाडीने जाणाऱ्यांनी निघण्याआधी ही वाढ पॉलिसीवर छापून घ्यावी, सीमेवर नेपाळी कस्टमचा गाडीचा परवाना जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचा काढावा, आणि पलीकडे गेल्यावर आरएसए नाही असं धरून फॅन बेल्ट, फ्यूज, कूलंट सोबत ठेवावं. नेपाळच्या पुढे, इराणसारख्या देशांतून गाडी न्यायची हौस असेल तर कार्ने नावाचा कस्टमचा दस्तऐवज लागतो. त्यासाठी मुंबईला चर्चगेटला वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या कार्यालयात चौकशी करावी लागेल.